‘त्रिंकोमाली’ची कूस

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल गावी एक जुनी लढाऊ फ्रिगेट आजही पाण्यावर तरंगते आहे. तिच्या नाळेवर फेटा बांधलेल्या पुरुषाचा रंगीत पुतळा आहे. जहाज मुंबईत बांधलेलं, हे ज्याला ठाऊक आहे तो तिथेच थबकतो आणि खूश होतो : ही आपल्या कारागिराची खूण! पण ती तशी नाही. १८४५ मध्ये पोर्टस्मथला जहाजाची मोठी फेरबांधणी सुरू झाली, तेव्हा हा पुतळा घडवला गेला. मागची लंबगोल बाजूही त्याच वेळची. म्हणजे तोंड इंग्रजी आणि पाठही इंग्रजी. मुंबई शोधायची तर मधे, जहाजाच्या कुशीत उतरावं लागतं.

‘त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून समुद्रात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. आराखडा मात्र त्यांचा नव्हता. तो ब्रिटिश आरमाराच्या ‘लीडा’ वर्गाचा, आणि इंग्रजांनी तो घेतला होता १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून. मुंबईसाठी निघालेले कागद ज्या ‘जावा’ जहाजावर होते, ते डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने हरवलं. त्याच्याबरोबर नकाशेही गेले, नवे पाठवावे लागले. एवढे हात फिरून आलेल्या कागदावर जमशेटजींनी जहाज उभं केलं. याला कुणी नक्कल म्हणेल. मला तो शब्द पटत नाही. ठरलेली बंदिश गाणाऱ्याला आपण नकलाकार म्हणत नाही.

कारण कागद आकार सांगतो, लाकूड सांगत नाही. इंग्रजी आराखड्यामागे ओक गृहीत धरलेला असतो. ओक वेडावाकडा वाढतो, त्याच्या फांद्यांच्या बेचक्यांतून जहाजाचे वाक, म्हणजे कुशीच्या बरगड्या, जवळजवळ तयारच मिळतात. साग सरळसोट. त्याच्यातून तोच बाक काढायचा तर कुठलं खोड कुठे लावायचं, रेषा कुठे तुटू द्यायची नाही, सांधा कुठे घ्यायचा, हे पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरतं. ‘त्रिंकोमाली’चा साग मलबारचा. सागात तेल असतं, त्यामुळे त्यात ठोकलेलं लोखंड टिकतं. ओकमधलं आम्ल तेच लोखंड खातं. याचा दाखला नियतीने विचित्र रीतीने दिला. जहाज १८१९ मध्ये इंग्लंडला पोचलं तेव्हा नेपोलियनशी युद्ध संपून गेलेलं. काम नव्हतं. मग डोलकाठ्या उतरवून ते पंचवीसहून अधिक वर्षं पोर्टस्मथला नुसतं बांधून ठेवलं. १८४७ मध्ये पहिल्यांदा कामगिरीवर निघालं, त्यानंतर प्रशांत महासागरापर्यंत जाऊन आलं.

रोहा, वरसे, पेण या बाजूच्या वाचकाला साग आणि खाडी यांचं नातं वेगळं सांगायला नको. जुन्या कुलाबा जिल्ह्यातलं लाकूड-सरपण पडावांत भरून मुंबईला जायचं. शिवाजी महाराजांच्या आरमाराची पहिली जहाजं जिथे बांधली गेली त्या ठिकाणांत कल्याण-भिवंडीबरोबर पेणचंही नाव घेतलं जातं, आणि पुढे अलिबागला आंग्र्यांचं आरमारी घराणंच उभं राहिलं. ती जहाजं आज हात लावून पाहायला उरलेली नाहीत. वाडियांचं एक उरलं, म्हणून वाचन त्याचं.

वाडियांचं घराणं म्हटलं तरी गोदी घराण्याच्या मालकीची कधीच नव्हती, हे आधी ध्यानात घ्यावं. ती कंपनी सरकारची. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ च्या सुमारास सुरतेहून काही सुतार घेऊन मुंबईला आले ते कंपनीच्या बोलावण्यावरून. १७५० मध्ये पहिली सुकी गोदी झाली. लवजींपासून जवळजवळ दीडशे वर्षं मुख्य बांधणाऱ्याची जागा त्याच घरात राहिली. मालमत्ता परक्याची आणि विद्या आपली, असा हा वारसा. मुलाला द्यायला जमीनजुमला नव्हे, हात होता. लवजींचे नातू फ्रामजी आणि जमशेटजी यांना गोदीत बारा रुपये महिन्यावर साध्या सुताराचं काम करायला लावलं होतं, ही हकिकत मला या घराण्याच्या सगळ्या मानपत्रांपेक्षा मोलाची वाटते. ग्रिनिचच्या संग्रहालयातल्या जमशेटजींच्या चित्रात कमरेच्या शेल्यात रुप्याची फूटपट्टी खोवलेली दिसते, कंपनीने १८०४ मध्ये दिलेली. खिडकीबाहेर ‘मिंडेन’, त्यांचंच १८१० चं चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज. फूटपट्टी मानाची आहे, पण खोवलेली आहे ती कामावरच्या माणसासारखी.

‘त्रिंकोमाली’च्या तळाच्या पठाणात, म्हणजे कण्यात, जमशेटजींनी रुप्याचा खिळा ठोकला होता. पारशी रीतीप्रमाणे जहाजाचं कुशल त्यात असे. आरमाराच्या नकाशात हा खिळा नाही. लंडनहून आलेल्या कागदात न मावणारी अशी एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी हीच निवडीन. अर्थात लाकूड तासणारे, फटी बुजवणारे शेकडो हात कुणाचे, हे तो खिळाही सांगत नाही. मुख्य बांधणाऱ्याचं नाव राहिलं, बाकीच्या सुतारांची हजेरीपटात विरली.

आणि रसिकाने एवढ्यावर माना डोलावून थांबू नये. ही जहाजं कुणासाठी होती? जमशेटजींच्या ‘कॉर्नवॉलिस’वर (१८१३) २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला आणि अफूच्या युद्धात हरलेल्या चीनकडून हाँगकाँग गेलं. त्यांचे पुत्र नवरोजी यांच्या हातच्या ‘एशिया’वर १८२७ च्या नॅव्हरिनोच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल कॉड्रिंग्टनचं निशाण होतं. सांधा जितका उत्तम, तितकी ती सत्ता दूर पोचली. हे कारागिरीच्या खाती मांडायचं की नाही, यावर माझं मन अजून एका बाजूला झुकत नाही. पण जहाज वाचताना तोफांची दारं वगळून वाचता येत नाही.

पुढे लोखंड आणि वाफ आली. घरातल्या मंडळींना तेही कळलं होतं. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला जाऊन आले. अर्देशीर कर्सेटजी वाफेच्या यंत्रात शिरले आणि १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. तरी १८८० नंतर मुख्य बांधणाऱ्याची परंपरा सरली. लाकडाची विद्या लोखंडाला जशीच्या तशी लावता येत नव्हती.

‘त्रिंकोमाली’ वाचली तीही योगायोगाने. १८९७ मध्ये जॉर्ज व्हीटली कॉब यांनी तिला भंगारवाल्याच्या हातून सोडवून ‘फूद्रॉयाँ’ असं दुसऱ्याच जहाजाचं नाव दिलं आणि मुलांच्या प्रशिक्षणासाठी वापरलं. मूळ नाव १९९२ मध्ये परत मिळालं, दुरुस्ती २००१ ला पुरी झाली. वाडियांच्या जुन्या गोद्या मुंबईत आहेत, पण नौदलाच्या फाटकाआड. सामान्य माणसाला तिथे सहज प्रवेश नाही. तेव्हा ज्याला हे काम जवळून पाहायचं असेल त्याने हार्टलपूल गाठावं, फेटेवाल्याला रामराम करून थेट खालच्या मजल्यावर उतरावं आणि पहिल्यांदा सांधे पाहावेत.