आठ नंबरची कोठडी

आज आपण २०१९ साली आलेल्या एका कोरियन सिनेमाबद्दल बोलू. दिग्दर्शक जो मिन-हो, इंग्रजी नाव 'अ रेझिस्टन्स'. नायिका यू ग्वान-सुन. आमचा मुद्दा एवढाच, की हा सिनेमा जिथे एका मुलीची गोष्ट न राहता एका कोठडीची गोष्ट होतो, तिथे तो मोठा होतो.

आधी थोडा इतिहास. १९१० साली जपानने कोरिया गिळला. १ मार्च १९१९ ला सोलमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला आणि लोक रस्त्यावर आले. ग्वान-सुन तेव्हा सोळा वर्षांची, इह्वा शाळेतली विद्यार्थिनी. शाळा बंद झाल्यावर ती गावी गेली, आणि १ एप्रिलला आऊनेच्या बाजारातल्या निदर्शनात पुढे राहिली. तिथे तिचे आईवडील मारले गेले. आपल्याकडचं जालियनवाला बाग त्यानंतर बाराच दिवसांनी घडलं. पुढे तिला सोलच्या सोदेमुन तुरुंगात ठेवलं. २८ सप्टेंबर १९२० ला, अठरा पूर्ण व्हायच्या आत, ती तिथेच गेली.

अशा मुलीचा पुतळा होणारच, आणि झालाही. तेव्हा दिग्दर्शकापुढचा खरा प्रश्न असा, की पुतळ्याला परत माणूस कसं करायचं?

त्याचं उत्तर म्हणजे आठ नंबरची कोठडी. जेमतेम शंभर चौरस फूट जागा, आणि आत पंचवीस-तीस बायका. सगळ्यांनी एकदम बसायलाही जागा नाही. उभं राहून पाय सुजतात, म्हणून त्या सगळ्या गोल गोल चालत राहतात. बघा, इथे भाषण नाही, घोषणा नाही. पण एकीची पाळी आणि दुसरीची सोय सांभाळायची असते, हे राजकारण आपल्याला त्या चालण्यातच कळतं. सोबत सुवोनची किम ह्यांग-ह्वा आहे. ती गिसेंग, म्हणजे नाचगाण्यावर पोट असलेली बाई. बाहेर या दोघी एका पंगतीला बसल्या असत्या का? इथे बसतात.

रंगांचंही तसंच. तुरुंगातला वर्तमान कृष्णधवल आहे आणि घरच्या आठवणी रंगीत. एरवी सिनेमात जुना काळ फिका दाखवतात, इथे उलट आहे. गमावलेलं जग जिवंत दिसतं म्हणून कोठडी जास्त बोचते.

मग १ मार्च १९२० उजाडतो, वर्षपूर्तीचा दिवस. कोठडीतून 'मान्से' अशी आरोळी उठते. शब्दशः दहा हजार वर्षं, आपल्या 'चिरायू होवो'सारखं. ती भिंतींतून भिंतींत पसरत जाते. इथे को आ-सुंगचा अभिनय पाहावा. ती नेता दिसत नाही, इतरांच्या आवाजाची वाट पाहणारी मुलगी दिसते.

त्यानंतर मात्र सिनेमा घसरतो असं आम्हाला वाटतं. छळाची दृश्यं लांबत जातात, इतर बायका मागे पडतात, आणि ती पुन्हा एकटी हुतात्मा होते. जपान्यांची चाकरी करणारा कोरियन माणूसही निव्वळ खलनायक उरतो. तो तसा का झाला, हे विचारायचं धाडस सिनेमा करत नाही. छळ दाखवू नये असं आम्ही म्हणत नाही, तो खरा होता. पण दुःख पाहून आपण हळहळतो आणि मोकळे होतो. कोठडीतलं ते चालणं आपल्याला मोकळं करत नाही, कारण त्यात आपल्यासाठीही एक जागा रिकामी असते.

म्हणून सिनेमा जरूर पाहा. आणि पाहताना मधल्या चेहऱ्याइतकंच कडेच्या चेहऱ्यांकडेही लक्ष ठेवा.