फोनला तंबोरा ऐकू येत नाही

घरी रियाझाला बसायचं, फोन समोर उभा करायचा, रेकॉर्ड करायचं आणि मग ऐकायचं, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्यावर वेगळं बोलायचं काय, असं कोणी म्हणेल. आम्हाला मात्र वाटतं की हल्ली शिकणाऱ्यांच्या गाण्यात जे काही खटकतं, त्यातलं बरंचसं या सवयीतून आलेलं आहे. तेव्हा आज फोनकडे एक श्रोता म्हणून बघू. या श्रोत्याला काय ऐकू येतं आणि काय येत नाही?

पहिला धक्का सगळ्यांना बसतो : हा माझा आवाज? गाताना आपलाच आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांच्या वाटेनं त्यातला खालचा, भरदार भाग जास्त पोचतो. फोनला हाडं नाहीत. (हशा) म्हणून रेकॉर्डिंगमधला गळा पातळ वाटतो. समोरच्या माणसाला तो पहिल्यापासून साधारण तसाच ऐकू येत होता, तेव्हा एवढ्यापुरता फोन खरं बोलतो. पण पुष्कळजण इथंच घाबरतात आणि गळा जड करायला लागतात. दाबून, छातीतून काढलेला तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये छान भरतो. तार सप्तकात गेलं की त्याचे हाल होतात.

आता पुढचं. फोनचं रेकॉर्डिंग मुळात बोलण्यासाठी केलेलं. बरेच फोन हळू आवाज आपोआप उचलतात आणि मोठा आवाज दाबतात. निरोप पाठवायला हे उत्तमच. पण मंद्रातला अलगद लावलेला पंचम आणि तार षड्जावरची पुकार एकाच उंचीची ऐकू आली, तर शिकणाऱ्याला वाटतं, आपला गळा तिन्ही सप्तकांत सारखा चालतो! लहानमोठा आवाज हा ख्यालगायकीत अर्थाचा भाग आहे, आणि नेमका तोच सपाट होतो.

तंबोऱ्याचं तर याहून वाईट. व्हिडिओ कॉलमध्ये गोंगाट काढून टाकणारी जी यंत्रणा असते, ती न थांबता एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी असणार, असं धरून चालते. आणि एकसारखं, न थांबता वाजणं हाच तर तंबोऱ्याचा धर्म. न्यू जर्सीतली मुलगी तंबोऱ्याचं अॅप लावून गाते आणि पुण्यात गुरूंना ऐकू येतो तो निराधार गळा. मग गुरू म्हणतात, सूर हलतोय. हललेला असेलही, पण कशाच्या तुलनेत? झूममध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची सोय आहे, ती चालू करायला पाच सेकंद लागतात. शिकवण्या मात्र वर्षभर तिच्याविना चाललेल्या आम्ही ऐकल्या आहेत.

सूर दाखवणारी अॅप्सही जाता जाता बघू. बारा समान भागांच्या मापावर ती हिरवा दिवा लावतात. तंबोऱ्यातून स्वयंभू ऐकू येणारा शुद्ध गंधार त्या मापापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो. म्हणजे कान तयार असलेल्या मुलाला अॅप लाल दिवा दाखवणार, आणि तो बिचारा गंधार चढवून ‘दुरुस्त’ करणार. दरबारीतल्या आंदोलित गंधाराचं त्या पडद्यावर काय होत असेल ते तुम्हीच कल्पना करा.

पण हे सगळे यंत्राचे दोष झाले, त्यांवर तोडगे निघतात. आमची खरी तक्रार वेगळी आहे. 1902च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहरजान भोंग्यापुढे गायल्या तेव्हा एका तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावत असे. मेणावर उमटलेलं मध्येच बदलता येत नव्हतं. बिघडलं तर सगळं पुन्हा. त्या काळच्या कलावंतांनी ती अडचण ओळखून गाणं आवळलं, आणि त्यातून काही तबकड्या अशा निघाल्या की अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून लहानगे भीमसेन जोशी गाण्यासाठी घर सोडून निघाले. तेव्हा मुद्रित गाणं म्हणजे खोटं गाणं, असं आम्ही मुळीच म्हणत नाही.

आज फोनवर तासन् तास मावतात. आणि आपण काय करतो? आपणहून दीड मिनिटाचा तुकडा गातो. नाही जमला, पुन्हा. सतराव्या वेळी जमतो, त्यावर थोडा एको चढवतो, आणि तो ग्रुपवर जातो. उरलेले सोळा पुसले जातात. आमच्या मते रियाझ होता तो त्या सोळांत होता. तुकडा जमवण्याची ही सवय बैठकीत उघडी पडते. वीस मिनिटांच्या विलंबितात एक जागा हुकली की या मुलांना पुढे काय करायचं तेच कळत नाही, कारण हुकलं की थांबून बटण दाबायचं, एवढंच गळा शिकलेला असतो.

म्हणून रेकॉर्डिंग ऐकताना चूक कुठं झाली याहीपेक्षा चुकीनंतरचे चार-पाच स्वर ऐका. निषाद कमी लागला, मग गायक काय करतो? घाईनं षड्जावर उडी मारून मोकळा होतो? आवाज वाढवून झाकतो? की श्वास घेऊन त्याच जागेवर परत येतो? समेचंही तसंच. सम निसटली की काही जण पुढचं आवर्तन शब्द कोंबून भरतात, काही नुसते ठेका ऐकत थांबतात. थांबणारा शिकतोय, असं समजायला हरकत नाही. गाताना हे स्वतःला कळत नाही, कारण लक्ष पुढच्या जागेवर गेलेलं असतं. इथं फोनसारखा दुसरा साक्षीदार नाही, आणि इथंच आपण त्याला बोलावत नाही.

करायचं असेल तर असं करा. आठवड्यातून एकदाच, सलग चाळीस मिनिटं, मध्ये हात न लावता. फोन तोंडासमोर नको, दोन-तीन हात लांब. तंबोरा त्याच्याजवळ, म्हणजे दोघंही ऐकू येतील. त्याच दिवशी ऐकू नका. गळ्याची मेहनत ताजी असते, माणूस स्वतःवर एकतर फिदा होतो नाहीतर चिडतो. दोन दिवसांनी वही घेऊन बसा. आणि गुरूंना पाठवायचंच असेल तर जमलेला दीड मिनिट पाठवू नका, चाळीसपैकी ज्या पाच मिनिटांत सगळ्यात जास्त धडपड झाली, तो भाग पाठवा. त्यांना सांगण्यासारखं काहीतरी तिथं सापडेल.