सेवाप्रवास आणि नकाराचा अधिकार : इव्हान इलिच यांच्या १९६८ मधील भाषणाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

पाश्चात्त्य देशांतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या काळात परदेशी 'सेवाप्रवासा'ला जाण्याची पद्धत आता चांगलीच रुळलेली आहे. दोन ते चार आठवड्यांच्या अशा प्रवासात काही दिवस खेड्यातील शाळेची रंगरंगोटी किंवा मुलांना इंग्रजी शिकविणे आणि उरलेले दिवस कासवे, सिंह, हत्ती यांच्या संवर्धनाचे काम, अशी सांगड घातलेली असते. खर्च विद्यार्थी स्वतः करतो. त्याच्या मोबदल्यात त्याला अनुभव, प्रमाणपत्र आणि पुष्कळदा श्रेयांकही मिळतात. आपल्याकडे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने समाजसहभाग, सेवा आणि पर्यावरणशिक्षण यांना श्रेयांकांच्या चौकटीत आणले आहे. त्यामुळे सेवेचे मूल्यमापन कोणत्या निकषावर करावयाचे, हा प्रश्न केवळ परदेशी विद्यापीठांचा राहिलेला नाही.

या प्रश्नाचा विचार करताना इव्हान इलिच यांच्या 'टू हेल विथ गुड इन्टेन्शन्स' या भाषणाकडे वळावे लागते. विद्यार्थ्यांच्या सेवाप्रवासावर इतकी कठोर टीका त्यापूर्वी क्वचितच झाली असेल. प्रस्तुत लेखात या भाषणाची चिकित्सा करून, त्यातील निकष वन्यजीव संवर्धनाच्या क्षेत्रात कितपत टिकतो हे पाहावयाचे आहे.

भाषणाची पार्श्वभूमी व आशय

इलिच (१९२६-२००२) हे जन्माने व्हिएन्नाचे, कॅथलिक धर्मोपदेशक आणि 'डीस्कूलिंग सोसायटी' (१९७१) या ग्रंथामुळे शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असलेले विचारवंत. मेक्सिकोतील कुएर्नावाका येथे त्यांनी चालविलेल्या केंद्रात उत्तर अमेरिकेतून येणारे धर्मप्रसारक व स्वयंसेवक स्पॅनिश भाषा शिकत. म्हणजे ज्या वर्गावर ते टीका करीत होते, तो त्यांनी जवळून पाहिलेला होता. १९६१ मध्ये अमेरिकेत 'पीस कोअर'ची स्थापना झाली होती आणि दक्षिणेकडील गरीब देशांत जाऊन सेवा करणे हे तरुणांचे कर्तव्य मानले जाऊ लागले होते. अशा वातावरणात २० एप्रिल १९६८ रोजी, उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत कामाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या परिषदेसमोर इलिच यांनी हे भाषण केले.

भाषणाचा आशय थोडक्यात असा सांगता येईल. विद्यार्थ्यांचा हेतू चांगला आहे, हे इलिच नाकारत नाहीत. मात्र चांगला हेतू हे परिणामांचे समर्थन होऊ शकत नाही, असे ते बजावतात. विद्यार्थ्यांना खेड्यातील लोकांची भाषा येत नाही. ते मध्यमवर्गीय अमेरिकी जीवनपद्धतीचे नकळत प्रचारक बनतात. आपण किती नुकसान केले हेही त्यांना कळत नाही, कारण ते सांगण्याची सोय त्या लोकांपाशी नसते. म्हणून इलिच त्यांना दोन गोष्टी सुचवितात. पहिली, गरिबांमध्येच काम करावयाचे असेल तर जे तुम्हाला तुमच्या भाषेत तोंडावर नकार देऊ शकतील अशा, आपल्याच देशातील गरिबांमध्ये करा. दुसरी, मेक्सिकोत अवश्य या, पण पाहण्यासाठी व शिकण्यासाठी या. मदत करण्यासाठी येऊ नका.

या दोन सूचनांपैकी पहिलीकडे समीक्षकांनी द्यावे तेवढे लक्ष दिलेले दिसत नाही. वरवर पाहता ती एक उपरोधिक टोमणा वाटते. वस्तुतः भाषणाचा खरा निकष तिच्यातच आहे. सेवा घेणाऱ्यापाशी नकार देण्याचे सामर्थ्य असेल तरच ती सेवा ठरते, असे इलिच यांचे प्रतिपादन आहे.

नंतरची समीक्षा

इलिच यांच्यानंतर या विषयाला 'स्वयंसेवी पर्यटन' असे नाव मिळाले आणि त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. स्टीफन वेअरिंग यांच्या २००१ मधील ग्रंथात दारिद्र्यनिवारण, पर्यावरणाचे पुनरुज्जीवन आणि संशोधन या तिन्हींना एकाच व्याख्येत स्थान मिळाले. त्यांचा सूर आशावादी होता. केट सिम्पसन यांनी २००४ मध्ये ब्रिटिश तरुणांच्या 'गॅप इयर'चा अभ्यास करून, असे प्रवास विकासाची फारच सोपी कल्पना रुजवितात आणि गरीब लोक गरिबीतही सुखी असतात अशी समजूत दृढ करतात, असे दाखविले. २००९ मध्ये डॅनियल गुटेन्टॅग यांनी संभाव्य दुष्परिणामांची मांडणी केली. त्यांत स्थानिकांच्या इच्छेकडे दुर्लक्ष, निकृष्ट दर्जाचे काम आणि स्थानिकांचा रोजगार हिरावला जाणे यांचा समावेश होता.

ही समीक्षा मोलाची आहे. तथापि तिचा भर प्रामुख्याने मानवी समुदायांवर आहे. शाळा रंगविणे आणि प्राण्याला दूध पाजणे या दोन कृती एकाच सहलीत येत असल्या तरी त्या एकाच मापाने मोजता येतात का, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी तीन उदाहरणे तपासणे उपयुक्त ठरेल.

टोर्टुगेरोचा किनारा

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील टोर्टुगेरो हे हिरव्या कासवांचे पश्चिम गोलार्धातील सर्वांत मोठे विणीचे ठिकाण मानले जाते. फ्लोरिडा विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनी १९५० च्या दशकात तेथे कासवांना धातूची खूणपट्टी लावून नोंदी ठेवण्यास प्रारंभ केला. त्यांच्या १९५६ मधील 'द विंडवर्ड रोड' या पुस्तकाच्या प्रभावातून १९५९ मध्ये संवर्धनसंस्था उभी राहिली. आज ती 'सी टर्टल कन्झर्व्हन्सी' या नावाने ओळखली जाते. १९७५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

येथे येणारा विद्यार्थी रात्री प्रशिक्षित संशोधकाबरोबर किनाऱ्यावर फिरतो, लाल प्रकाशात कासवाच्या पाठीची लांबी मोजतो, अंडी मोजतो, आकडे लिहून घेतो. काम कंटाळवाणे असते. त्याने एक हंगाम चुकविला तरी कासवे यायची थांबत नाहीत. लिसा कॅम्पबेल व क्रिस्टी स्मिथ यांनी २००६ मध्ये याच ठिकाणच्या स्वयंसेवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वयंसेवक कासवांकडे एकाच नव्हे, तर अनेक मूल्यांच्या दृष्टीने पाहतात, असे त्यातून पुढे आले.

टोर्टुगेरो निर्दोष आहे असे मात्र म्हणता येणार नाही. ज्या गावाचा निर्वाह कासवांच्या शिकारीवर चालत असे, त्या गावावर संवर्धनाने निर्बंध आणले. पुढे अनेक गावकरी पर्यटकांचे वाटाडे झाले. तेव्हा स्वयंसेवकांविषयीच्या निर्णयांत या गावकऱ्यांचा शब्द किती चालतो, हा इलिच यांचा प्रश्न तेथेही विचारावाच लागेल.

सिंहाचे छावे

दक्षिण आफ्रिकेचे चित्र याहून अगदी वेगळे आहे. तेथे काही हजार सिंह खासगी बंदिस्त केंद्रांत वाढविले जातात. छावे काही दिवसांचे असतानाच आईपासून वेगळे केले जातात. त्यामुळे मुक्त अवस्थेत साधारणतः दोन वर्षांच्या अंतराने विणारी सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते. परदेशी स्वयंसेवकाला मात्र छावा पोरका आहे किंवा आईने त्याला टाकून दिले आहे, असे सांगितले जाते. तो पैसे भरून छाव्याला बाटलीने दूध पाजतो. छावा मोठा झाला की पर्यटकांना त्याच्यासोबत फिरविले जाते आणि पुढे पुष्कळांचा शेवट कुंपणातील शिकारीत किंवा हाडांच्या निर्यातीत होतो. २०१७ मध्ये तेथील शासनाने वर्षाला ८०० सांगाड्यांच्या निर्यातीस मर्यादा म्हणून मान्यता दिली होती. 'ब्लड लायन्स' (२०१५) या माहितीपटाने ही साखळी जगासमोर आणली आणि २०२१ मध्ये शासनाने बंदिस्त सिंहपैदास थांबविण्याचे धोरण जाहीर केले. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. म्हणजे ज्याला विद्यार्थी संवर्धन समजत होता, त्याचा वन्य सिंहांच्या संख्येशी काहीही संबंध नव्हता.

अनाथालयांचा व्यवहार

हीच रचना मानवी सेवेच्या क्षेत्रातही आढळते. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात निवासी बालसंस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढून २६९ झाली. देशात अनाथांची संख्या त्या प्रमाणात वाढलेली नव्हती. या संस्थांतील जवळजवळ तीनचतुर्थांश मुलांचे आई किंवा वडील यांपैकी किमान एकजण हयात होता, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासन व युनिसेफ यांच्या अभ्यासात आढळले. परदेशी देणगीदार आणि स्वयंसेवक यांचा ओघ हे या वाढीचे एक प्रमुख कारण होते. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवी कार्यक्रमांमुळे, विशेषतः पर्यटनाच्या संदर्भात होणाऱ्या अपायांची दखल घेतली.

इलिच यांच्या निकषाची मर्यादा व विस्तार

या तीन उदाहरणांच्या प्रकाशात इलिच यांच्या भाषणाची मर्यादा स्पष्ट होते. त्यांच्या विवेचनात सेवा घेणारा हा नेहमी प्रौढ माणूस आहे. आज तो भाषेमुळे किंवा संकोचामुळे नकार देऊ शकत नसला, तरी योग्य परिस्थितीत तो देऊ शकेल, असे तेथे गृहीत धरलेले आहे. छावा आणि चार वर्षांचे मूल यांना हे गृहीतक लागू पडत नाही. त्यांच्या वतीने होकार देणारा केंद्रचालक त्याच स्वयंसेवकाच्या शुल्कावर जगत असतो. अशा वेळी मौनाचा अर्थ संमती असा लावला जातो.

दुसरे असे की, इलिच सर्वच मदतीला एकाच फटकाऱ्यात बाद करतात. त्यामुळे टोर्टुगेरो आणि सिंहकेंद्र यांत भेद करण्याचे साधन त्यांच्यापाशी उरत नाही. हा भेद करता येतो, पण त्यासाठी त्यांच्या निकषाला एक जोड द्यावी लागते. स्वयंसेवक आला नाही तर काय होईल, हा प्रश्न विचारला पाहिजे. टोर्टुगेरोत कासव येईलच. नोंद ठेवणारे हात तेवढे कमी पडतील. सिंहकेंद्रात पुढचा छावा जन्मालाच घालावा लागणार नाही. कंबोडियातील ते मूल कदाचित आपल्या घरीच राहील. जेथे गरज आधी असते आणि स्वयंसेवक नंतर येतो, तेथे सेवेचा विचार तरी करता येतो. जेथे स्वयंसेवकासाठी गरज निर्माण केली जाते, तेथे विद्यार्थी हा ग्राहक असतो.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, स्वयंसेवकांच्या पैशावरच अनेक संवर्धनप्रकल्प चालतात. हे खरे आहे. परंतु पैशाची गरज मान्य करणे म्हणजे त्या पैशाने काय पोसले जाते याची चौकशी सोडून देणे नव्हे. शिवाय इलिच यांची दुसरी सूचना येथे उपयोगी पडते. टोर्टुगेरोचा विद्यार्थी दुसऱ्याच्या देखरेखीखाली, दुसऱ्याने ठरविलेल्या पद्धतीने काम करतो. तो तेथे वस्तुतः शिकण्यासाठीच आलेला असतो. त्याने स्वतःला तारणहार मानले नाही, तर इलिच यांचाही त्याला विरोध राहू नये.

समारोप

इलिच यांच्या भाषणानंतर पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या शिबिरांच्या उणिवा आपण सर्वजण जाणतो. परंतु शिबिर बहुधा आपल्याच भाषेच्या गावात भरते आणि नको असलेले काम नको म्हणून सांगण्यास गावकऱ्यांना दुभाष्या लागत नाही, ही तिची जमेची बाजू आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून कासवांच्या घरट्यांचे रक्षण होत आले आहे. तेथेही काम स्थानिकांचे आहे आणि बाहेरून येणारा हा पाहुणा आहे.

यापुढे एखादा विद्यार्थी परदेशी सेवाप्रवासासाठी शिफारसपत्र किंवा श्रेयांक मागण्यास आला, तर प्राध्यापकाने त्याच्या हेतूची तपासणी करण्याचे कारण नाही. तो बहुधा चांगलाच असेल. तीन गोष्टी मात्र विचारल्या पाहिजेत. ज्याची सेवा करावयाची आहे तो नकार देऊ शकतो का, आणि नसेल तर त्याच्या वतीने होकार कोण देतो? तू गेला नाहीस तर ती गरज उरेल का? तुझ्या कामावर देखरेख कोणाची आहे आणि ते काम करू शकणारा स्थानिक माणूस घरी बसतो आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत शिफारसपत्रावर सही करू नये. इलिच यांनी विद्यार्थ्यांना जाब विचारला होता. श्रेयांक देण्याचा अधिकार हाती आल्यानंतर तो जाब शिक्षकांनाही लागू होतो.