महाविद्यालयीन प्रेमपटातील भाषा : ‘परियेरुम पेरुमाळ’

महाविद्यालयीन प्रेमपटात महाविद्यालय हा बहुधा तटस्थ अवकाश मानलेला असतो. तरुण-तरुणी तेथे घर आणि जात मागे ठेवून भेटतात. विरोध बाहेरून येतो. मारी सेल्वराज यांच्या ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) या तमिळ चित्रपटाने हे गृहीतकच मोडले आहे. तिरुनेलवेलीच्या विधी महाविद्यालयातील दलित विद्यार्थी परियन इंग्रजीतून चालणाऱ्या वर्गातच अवमानित होतो. ज्यो त्याला इंग्रजी शिकवते आणि या शिकवणीतून जिव्हाळा जन्मतो. प्रेमाचे बीज येथे ज्ञानव्यवहारातील विषमतेतच रुजलेले आहे.

या संदर्भात नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’शी (२०१६) तुलना उद्बोधक ठरते. ‘सैराट’मधील प्रेम उच्चारले जाते, संसारापर्यंत पोहोचते आणि मग त्याची हत्या होते. परियनला मात्र आपली भावना प्रेम आहे की नाही, हे उमगण्याइतकाही अवधी मिळत नाही. ज्योच्या घरच्या लग्नात तिचे नातेवाईक त्याची विटंबना करतात. त्यामुळे अखेरीस शेजारी-शेजारी दिसणारे चहाचे दोन पेले मीलनाऐवजी अपुऱ्या संवादाचेच सूचन करतात.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या परिसरातील प्रेक्षकाला या चित्रपटातील विद्रोह परका वाटू नये. तथापि भामरागड-एटापल्लीकडील माडिया विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्यातील वर्गाचे दृश्य अधिक मूलगामी आहे. त्याची मातृभाषा माडिया. वर्गात परियनसमोर इंग्रजी जशी उभी राहते, तशी त्याच्यासमोर प्रथम प्रमाण मराठीच उभी राहते. हा चित्रपट केवळ जातिविरोधी म्हणून गौरवणाऱ्या मराठी समीक्षेला स्वतःच्या भाषेचे हे स्थान टाळता येणार नाही.