गुण्या जिथे टेकत नाही

लहानपणी आमच्या घरी महिनाभर सुतार कामाला होते. फळी रंधून झाली की ते तिच्या कडेला गुण्या लावत, एक डोळा मिटून फळी उजेडाकडे धरत आणि फटीतून प्रकाश झिरपला की न बोलता पुन्हा रंधा हातात घेत. काटकोन साधला की काम साधले, असे सुतारकाम मी तिथे पाहिले. म्हणून अठराव्या शतकातल्या बोस्टनचे फुगीर खणांचे कपाट मला इतके विलक्षण वाटते. त्याच्या खालच्या अर्ध्या अंगावर गुण्या टेकवायला जागाच नाही, आणि तरीही चारही खण आत-बाहेर सरळ सरकतात.

या घडणीला ‘बाँबे’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ ‘फुगलेला’. आपल्या मुंबईशी त्याचा संबंध नाही. कपाटाची कड डोळ्यांनी वरून खाली उतरत पाहा. वरचे दोन खण जवळजवळ ओळंब्यात आहेत. तिसऱ्या खणापाशी बाजू हळूच बाहेर निघते, तिसऱ्या-चौथ्याच्या मधे पोट भरते, आणि तळाच्या पट्टीवर येण्याआधी ती चटकन आत वळते. बाहेर पडताना संथ आणि आत येताना वेगवान, अशी ही रेघ आहे. आपल्या घागरीचा फुगवटा मध्याशी असतो, इथे तो खाली उतरवला आहे. तो थोडा वर असता तर कपाट भरलेल्या पोत्यासारखे बसके दिसले असते. खाली ठेवल्यामुळे वजन जमिनीजवळ राहते आणि वरचा भाग ताठ मानेने उभा राहतो. एवढी एक रेघ जमली नाही, तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

ही कल्पना युरोपातून आली. तिथे साध्या लाकडाचे तुकडे जोडून फुगवटा तयार करत आणि त्यावर किमती लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवत. बोस्टनच्या कारागिरांनी मात्र अख्खी महोगनी घेतली. चार्ल्सटाउनच्या बेंजामिन फ्रॉदिंगहॅमने सही केलेले 1753 सालचे लिहिण्याचे कपाट हा या घडणीचा तारीख असलेला सर्वांत जुना अमेरिकी नमुना मानला जातो. पुढची काही दशके हे काम बोस्टन, सेलम आणि आसपासच्या गावांतच राहिले.

अख्खे लाकूड म्हणजे काय, हे बाकापाशी उभे राहिल्यावर कळते. कपाटाच्या एका बाजूसाठी सुमारे तीन इंच जाडीची रुंद फळी लागते. बाकदार रेघेचा साचा फळीच्या कडेवर उतरवायचा, मग आडवे करवतीचे काप घ्यायचे. प्रत्येक काप त्या जागी रेघ जितकी खोल असेल तितकाच खोल, केसभरही जास्त नाही. कापांमधले लाकूड पटाशीने उडवायचे आणि उरलेल्या पायऱ्या रंध्याने मोडायच्या. किमती महोगनीचा मोठा हिस्सा असा भुशात आणि ढलप्यांत जातो. त्या बदल्यात जे मिळते ते पापुद्रा लावून कधीच मिळत नाही. सपाट फळी गोलाईत सोलली की झाडाची वर्षावर्षाची वलये एकापाठोपाठ एक उघडी पडतात आणि फुगवट्याभोवती रेघांची मंडले उमटतात, डोंगराच्या नकाशात उंचीच्या रेषा दिसाव्यात तशी. ती नक्षी कोणी काढलेली नसते. ती झाडात होतीच, वळणाने तिला वर आणले. खऱ्या जाणकाराने एकाच ओंडक्यातल्या लागोपाठच्या फळ्या दोन्ही बाजूंना घेतल्या असतील, तर डावी-उजवीकडची मंडले एकमेकांना ओळख देतात.

याच वळणावर हाताची परीक्षाही होते. लाकडाचे तंतू उभे आहेत आणि पृष्ठभाग त्यांना तिरका छेदत जातो. म्हणून रंधा नेहमी फुगवट्याच्या माथ्यावरून उताराकडे चालवायचा, वरच्या अंगाला वर आणि खालच्या अंगाला खाली. उलटा चालवला की तंतू उपटतात आणि लाकडावर ओरखड्यांचे खड्डे पडतात. सर्वांत अवघड जागा तळाजवळच्या खोलगटीत आहे. तिथे दोन्हीकडून आलेले उतार भेटतात आणि दोन्ही दिशा कुठेतरी उलट्या पडतात. तिथे रंधा ठेवून द्यायचा आणि पोलादी पत्र्याच्या धारेने हलके हलके खरवडायचे. चांगल्या कपाटावर त्या खोलगटीतून तळवा फिरवला, तर दोन उतार कुठे भेटले ते सापडत नाही.

आता खण उघडा, कारण या कपाटाचे खरे मोल आत आहे. सुरुवातीच्या बऱ्याच कपाटांत बाहेर पोट असले तरी खणांच्या बाजू सरळ उभ्याच आहेत. म्हणजे फुगवटा निव्वळ जाड लाकडाचा, आत जागा नाही. पुढच्या पिढीतल्या कारागिरांना हे पटले नसावे. त्यांनी बाजूची फळी आतूनही कोरली आणि खणांना पोटाचाच आकार दिला. तिसरा खण वर अरुंद, खाली रुंद झाला; चौथा वर रुंद, खाली अरुंद. असा खण सरकेल कसा, हा प्रश्न मला बराच वेळ छळत होता. उत्तर सोपे आणि देखणे आहे. बाजूचे वळण वरून खाली जाते, पुढून मागे जात नाही. दर्शनी कडेला बाजूची जी रेघ आहे, तीच पाठीपर्यंत जशीच्या तशी नेलेली असते. म्हणून तिरक्या अंगाचा खणही आपल्या वाटेने सरळ मागे जातो. पण त्यासाठी ती रेघ पुढे आणि मागे तंतोतंत एक हवी. मागे सुतभर आत राहिली, तर खण शेवटच्या वितीवर अडतो.

शिवाय खणाचे कोपरे आहेतच. साध्या खणात बाजू आणि दर्शनी फळी काटकोनात भेटतात, डव्हटेलचे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या सांध्याचे, दात एकाच मापाने आखता येतात. इथे बाजू कललेली आणि दर्शनी फळी फुगलेली. दातांचा कोन प्रत्येक खणाला सरकत्या गुण्याने नव्याने घ्यावा लागतो. हे दात खण बंद असताना कोणालाही दिसत नाहीत, तरी ते इतके बारीक आणि नेटके कापलेले असतात की खण मिटवायला मन होत नाही.

पायांवर फार थांबत नाही, तरी एक खूण लक्षात ठेवा. पाय गोळा पकडलेल्या पंजासारखे कोरलेले असतात, आणि त्या पंजाची बाजूची नखे बोस्टनमध्ये मागे झुकलेली असतात, पक्ष्याने झेप घेण्याआधी पंजा आवळावा तशी. आणि कपाट उलटे केले तर पुढची तळपट्टी खालच्या फळीत एका भल्यामोठ्या डव्हटेलने अडकवलेली सापडते. ओझे पोटाचे, पण पकड तळाची.

बोस्टनच्या मिडल स्ट्रीटवरच्या जॉन कॉग्सवेलने 1782 साली सही करून ठेवलेले याच घडणीचे दुमजली कपाट आज तिथल्या ललित कला संग्रहालयात आहे. ते सेलमच्या एलायस हॅस्केट डर्बीच्या घराण्यातले, ज्याची व्यापारी जहाजे पुढे हिंदुस्थानपर्यंत आली. कधी अशा कपाटापुढे उभे राहिलात, तर आधी बाजूला जा. कोरीवकाम समोर आहे, ते आपोआप दिसेल. खालच्या खणाची कड बाहेरच्या रेघेबरोबर वळते का, तेवढे मात्र वाकून पाहा.