पुरुष लढाईवर गेले, म्हणून बायका रेल्वेत आल्या?

गंगापूर रोडवरच्या आमच्या अभ्यासिकेत पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीने परवा तिचा विषय सांगितला: दुसरं महायुद्ध, नाशिक परिसर आणि रेल्वेच्या प्रवासी सेवेतल्या स्त्रिया. वाचते काय आहेस, विचारलं तर नाव आलं हेलेना वॉयचाक यांच्या 'रेल्वेवुमेन'चं. मी हसले नाही. असंच एक परदेशी पुस्तक उशाशी घेऊन मीही सिनॉप्सिस लिहिला होता आणि कमिटीने तो पाच मिनिटांत परत केला होता.

पुस्तक चांगलं आहे, हे आधी सांगते. 2005 साली आलं. लेखिका स्वतः ब्रिटिश रेल्वेत गार्ड होती, त्यामुळे ड्यूटी म्हणजे काय हे तिला कागदपत्रं वाचून कळलेलं नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी, 1914 मध्ये, ब्रिटिश रेल्वेत सुमारे 13 हजार स्त्रिया होत्या. 1918 पर्यंत त्या 65 हजारांच्या वर गेल्या. लंडनचं मेडा व्हेल हे भुयारी स्टेशन 1915 च्या जूनमध्ये सुरू झालं ते सगळ्या स्त्री कर्मचाऱ्यांवर. 1918 च्या ऑगस्टमध्ये पुरुषांइतका युद्धभत्ता मागत लंडनच्या बस-ट्राममधल्या बायकांनी संप केला, तो भुयारी रेल्वेपर्यंत पोचला.

माझी तक्रार आहे ती उपशीर्षकातल्या 'विश्वासघात' या शब्दाबद्दल. युद्ध संपलं आणि बायकांना घरी पाठवलं, हे खरंच. पण 1915 मध्येच कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात ठरलं होतं की ही नेमणूक युद्धापुरती, परतणाऱ्या पुरुषांच्या जागेला धक्का लागणार नाही. आता सांगा, दिलेला शब्द मोडला तर विश्वासघात. इथे शब्द पाळला गेला, फक्त तो बायकांना दिलेला नव्हता. मला हे जास्त कडू वाटतं. आणि संशोधकाने बघायची जागाही बदलते: कामावरून काढल्याची नोटीस नंतर बघा, आधी नेमणुकीची अट बघा.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. पुस्तक ब्रिटनपुरतं आहे, त्यात लेखिकेचा दोष नाही. दोष आपला, कारण आपण तो साचा उचलून थेट नाशिकरोडच्या फलाटावर ठेवतो. तिकडे सक्तीची भरती होती, माणसं कमी पडली. इकडे दुसऱ्या महायुद्धात हिंदी लोकांवर सक्ती नव्हती. फौज 25 लाखांच्या घरात गेली तरी ती स्वेच्छेने भरती झालेल्यांची. देवळालीची छावणी सैनिकांनी गजबजली, म्हणून नाशिकरोडच्या तिकीट खिडकीमागची खुर्ची आपोआप रिकामी होत नाही. 'पुरुष गेले, बायका आल्या' हे वाक्य इथे आधी सिद्ध करावं लागतं, गृहीत धरता येत नाही.

शिवाय बायका 'आल्या' कुठून? त्या आधीपासूनच होत्या की! जीआयपीच्या घाटांच्या बांधकामात बायकांनी डोक्यावर माती वाहिली. आपला थळ घाट 1865 साली खुला झाला, युद्धाच्या कितीतरी आधी. ब्रिटनमधल्या त्या 13 हजारांतल्याही पुष्कळजणी झाडलोट, धुणं, उपाहारगृह अशाच कामांत होत्या. म्हणजे युद्धाने बायकांना रेल्वेत आणलं नाही, प्रवाशासमोर आणलं. गणवेश, तिकीट, शिट्टी. प्रवाशाला हुकूम सोडण्याचा थोडासा अधिकार. भांडण तिथे होतं.

हाच धागा धरला तर माटुंगा हातात येतं. 2017 च्या जुलैमध्ये मध्य रेल्वेने ते स्टेशन पूर्णपणे महिलांकडे दिलं. युद्ध नव्हतं, पुरुष कुठे गेलेले नव्हते. मेडा व्हेलनंतर 102 वर्षांनी तीच बातमी, तसाच फोटो. दोन्हींची तुलना कुणीतरी करायला हवी, आणि पहिल्या दिवसाच्या फोटोवरून नव्हे, हजेरीपटावरून.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, शीर्षकातलं 'रेल्वेत' खोड आणि 'तिकीट खिडकीवर' लिहून बघ. तिने लिहिलं. मग म्हणाली, "ताई, आता अर्धी साधनं बादच होतात." होतात खरी. उरलेली अर्धी घेऊन ती सोमवारी गाइडकडे जाणार आहे.