हस्तलाघव : एका अदृश्य कलेचा आढावा

वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, तीत ऐंद्रजाल आणि हस्तलाघव या दोन कला स्वतंत्रपणे गणल्या आहेत, आणि तो भेद आज, या विषयाचा विचार करताना, पुन्हा एकदा ध्यानात घेण्याजोगा आहे. हर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेच्या चौथ्या अंकात राजापुढे येणारा ऐंद्रजालिक आकाशात देवदेवता दाखवतो आणि अंतःपुराला आग लागल्याचा भास निर्माण करतो. त्याची कला भव्यतेची, देखाव्याची आणि आश्चर्याच्या विस्ताराची आहे. हस्तलाघवाला असा कोणताही विस्तार नाही. दोन हात, एखादे नाणे, चार कापडी गोळ्या किंवा पत्त्यांचा एक जोड, आणि हातभर अंतरावर बसलेला प्रेक्षक, एवढ्याच सामग्रीवर जी कला उभी राहते, तिचे आजचे स्वरूप काय आहे आणि तिच्या वाट्याला आपल्या समाजात कोणते स्थान आले आहे, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही.

तो न होण्याचे एक कारण कलेच्या प्रकृतीतच आहे. गायकाची तान ऐकू येते, नर्तकीचा पदन्यास दिसतो, शिल्पकाराच्या छिन्नीची खूण दगडावर राहते. परंतु हस्तलाघवात जे उत्तम, ते दिसूच नये अशी अट आहे. प्रेक्षकाला हाताची करामत जाणवली, मग ती कितीही चपळ असो, की कलावंत हरला. रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याने पहिल्या शतकातच आपल्या एका पत्रात वाट्या आणि गोट्यांच्या खेळाचा उल्लेख करून म्हटले आहे की, ही फसवणूकच आपल्याला सुख देते आणि युक्ती कळताच त्यातील रुची संपते. सेनेकाचे हे मत आजही सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि माझ्या मते या कलेचे अर्धे नुकसान त्यानेच केले आहे. युक्ती कळल्यावर संपते ते कुतूहल. ज्याला रस म्हणावे तो तेथून पुढे सुरू होतो. ज्याला नाणे तळहातात कसे राहते हे ठाऊक आहे, तोच एखाद्या उस्तादाचा रिकामा भासणारा हात पाहून स्तब्ध होतो.

म्हणून त्या एका मूलभूत क्रियेकडे जरा जवळून पाहणे इष्ट होईल. नाणे तळहाताच्या मध्यावर, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा आणि त्याच्या समोरचा करंगळीच्या बाजूचा उंचवटा, या दोहोंच्या दरम्यान केवळ कडांवर पेलून धरायचे असते. नवशिक्या बळ लावतो. त्यासरशी हात आखडतो, अंगठा ताठ होतो, बोटे पंजासारखी वाकतात आणि पाहणाऱ्याला, काय चुकले ते सांगता आले नाही तरी, या हातात काहीतरी आहे एवढे निश्चित कळते. बळ कमी केले की नाणे निसटून जमिनीवर वाजते. या दोहोंमधला नेमका दाब स्नायूंना सापडायला आठवडे लागतात आणि तो अंगवळणी पडायला महिने. त्यानंतर मधल्या दोन बोटांच्या टोकांनी नाणे त्या जागी नेऊन ठेवण्याची हालचाल, आणि तीही हात दुसऱ्याच कुठल्या कामाच्या मिषाने हलत असताना, साधायची असते. परीक्षा अशी की, नाणे दडवलेल्या त्याच हाताने चष्मा सावरता आला पाहिजे, पेला उचलता आला पाहिजे, खिशातून रुमाल काढता आला पाहिजे, आणि हे सर्व करताना कलावंताला स्वतःलाच नाण्याचा विसर पडला पाहिजे. येथे साधनाचाही प्रश्न आहे. टी. नेल्सन डाउन्स या अमेरिकन नाणेसम्राटाच्या १९०० सालच्या ग्रंथापासून या विषयावरची अमेरिकेतली पुस्तके तेथील अर्ध्या डॉलरच्या नाण्यास अनुसरून लिहिली गेली, आणि योगायोग असा की, ब्रिटिश अमदानीतील आपला एक तोळा वजनाचा चांदीचा रुपया रुंदीने जवळजवळ तेवढाच, म्हणजे साडेतीस मिलिमीटरच्या आसपास, होता आणि त्याच्या दातेरी कडा तळहाताला उत्तम धरून राहत. आजचे दहा रुपयांचे नाणे सत्तावीस मिलिमीटरचे आणि एक रुपयाचे तर बावीस मिलिमीटरही भरत नाही. पुस्तकावरून शिकणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्याला हात लहान नसून नाणे लहान आहे, हे कोणी सांगत नाही; त्याने एखादा जुना रुपया मिळवावा आणि त्यावर हात बसवावा.

अशा सरावासाठी लागणारी चिकाटी केवढी असते, याची साक्ष आधुनिक जादूचा जनक मानला गेलेला फ्रेंच कलावंत रोबेर-ऊदँ (१८०५–१८७१) याच्या आत्मचरित्रात मिळते. ब्लोआ गावातील एका माणसाकडून त्याने चेंडू झेलण्याची विद्या घेतली आणि चार चेंडू हवेत खेळवीत असतानाच समोर ठेवलेले पुस्तक वाचण्याची सवय लावून घेतली, ती एवढ्यासाठी की हात आणि चित्त ही परस्परांपासून मोकळी व्हावीत. चार लोकांत वावरतानाही एक हात कोटाच्या खिशात घालून तो पत्ते किंवा नाणी हाताळीत असे. हस्तलाघवाची सारी तालीम या एका तत्त्वात आहे: हाताने आपले काम इतके स्वतःपुरते करावे की कलावंताचे मन प्रेक्षकाशी बोलायला मोकळे राहावे.

पत्त्यांच्या प्रांतात हे शास्त्र सर्वांत पुढे गेले, आणि त्याचा आधारग्रंथ १९०२ साली शिकागोत प्रसिद्ध झालेला 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' हा आहे. त्याचा कर्ता एस. डब्ल्यू. अर्डनेस कोण, याचा निर्विवाद उलगडा आजतागायत झालेला नाही. परंतु जगातील गंभीर पत्तेकरांच्या कित्येक पिढ्या त्याच पुस्तकावर घडल्या. कॅनडात जन्मलेला डाय व्हर्नन (१८९४–१९९२) हा त्यांपैकी श्रेष्ठ. १९३२ साली कॅन्ससमधील विचिटाच्या तुरुंगात एका मेक्सिकन जुगारी कैद्याकडून त्याने ऐकले की, जोडाच्या मधून पत्ता काढून वाटणारा एक इसम आपण पाहिला आहे. वरचा पत्ता राखून दुसरा वाटणे, तळचा वाटणे या गोष्टी परिचित होत्या. मधला वाटणे ही मात्र केवळ दंतकथा समजली जात होती. व्हर्ननने जुगाराच्या अड्ड्यांतून चौकशी करीत त्या माणसाचा छडा लावला आणि मिसूरीतील प्लेझंट हिल या लहानशा गावात त्याला ॲलन केनेडी भेटला. ज्या गोष्टीसाठी केनेडीने वर्षानुवर्षे एकांतात हात घासला, तिला रंगमंच नव्हता, टाळी नव्हती. ती कोणाला दिसली असती तर त्याची धडगत नव्हती. केनेडीचा धंदा निंद्यच होता, त्याचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु अदृश्य राहण्यासाठीच सिद्ध केलेले असे कसब पाहण्यासाठी एका श्रेष्ठ कलावंताने केलेली ती पायपीट या कलेच्या इतिहासातील अत्यंत हृद्य प्रकरण आहे.

सामान्य माणूस मात्र या साऱ्याचे श्रेय वेगाला देतो, आणि 'हाताची चपळाई' हा शब्दप्रयोग त्या समजुतीला दुजोरा देतो. अर्जेंटिनाचा रेने लावांद (१९२८–२०१५) याने आपल्या आयुष्याने या समजुतीचे खंडन केले. वयाच्या नवव्या वर्षी अपघातात त्याचा उजवा हात गेला. उरलेल्या डाव्या हाताने त्याने पत्त्यांची विद्या नव्याने रचली, आणि तीही इतक्या संथ लयीत की प्रत्येक पत्ता जागेवर पडताना पाहणाऱ्याला पूर्ण दिसावा. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने याने १८९० नंतरच्या दशकातच जादूगारांच्या हातांची क्रमवार छायाचित्रे घेऊन दाखवून दिले होते की, हालचालीचे तुकडे केले की भ्रम नाहीसा होतो. म्हणजे भ्रम बोटांत नसून हालचालीच्या ओघात आहे. २००६ साली गुस्ताव्ह कून आणि मायकेल लँड यांनी चेंडू वर फेकल्याचे नुसते सोंग करणाऱ्या जादूगाराचे चित्रण प्रेक्षकांना दाखवले, तेव्हा जादूगाराची नजर वर वळली असता सुमारे दोन तृतीयांश लोकांनी हातातच राहिलेला चेंडू वर गेल्याचे सांगितले. आणि त्यांचे डोळे तर चेंडूच्या मार्गावर नव्हे, जादूगाराच्या चेहऱ्यावर होते. स्पेनचा हुआन तामारिस याने नजर, वाणी, हात, देह आणि पाय या पाच अंगांवर जे विवेचन केले आहे, त्यात नजरेला मान दिला आहे तो याचसाठी.

आजच्या चित्रफितींच्या युगाकडे मी या दृष्टीने पाहतो. त्यांनी केलेला उपकार नाकारता येणार नाही. आरशासमोर सराव करणाऱ्या विद्यार्थ्याचे डोळे नेमक्या चोरीच्या क्षणी नकळत मिटतात आणि तो स्वतःलाच फसवतो, हा जुना दोष कॅमेऱ्याने उघडा पाडला. ज्या हालचाली पूर्वी गुरूच्या शेजारी बसूनच पाहता येत, त्या आज तालुक्याच्या गावातील मुलालाही संथ गतीने पाहता येतात. परंतु जी फीत केवळ दोन हात चौकटीत धरते आणि चेहरा कापून टाकते, ती या कलेचे मुख्य अंगच कापून टाकते. कॅमेऱ्याला एकच डोळा, एकच कोन आणि चुकल्यास पुन्हा घेण्याची मुभा. समोर बसलेल्या, शंका घेणाऱ्या, मध्येच हात धरणाऱ्या माणसाशी तेथे गाठ नाही. पत्ते हवेत फिरवण्याचे जे नवे नेत्रदीपक कौशल्य तरुणांत रूढ झाले आहे, ते सुंदर आहे आणि कष्टसाध्यही आहे. पण ते कसब मिरवते, आणि हस्तलाघव कसब लपवते. दोहोंची गल्लत करू नये.

आता आपल्या घराकडे वळू. विसाव्या शतकात भारतीय जादूला जगात प्रतिष्ठा मिळवून देणारे पी. सी. सरकार (१९१३–१९७१) हे भव्य पेट्यांचे, पडद्यांचे आणि झगमगाटाचे स्वामी होते, आणि त्यांनी आपल्या प्रयोगाला 'इंद्रजाल' हेच नाव दिले होते. महाराष्ट्रात पुण्याचे जादूगार रघुवीर यांनी रंगमंचावरील जादू घराघरांत लोकप्रिय केली. या कलावंतांचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी घेतली ती पेटी, आणि हात मागे राहिला. अपवाद केरळचा. तेथे वाझकुन्नम नंबूदिरी (१९०३–१९८३) यांनी वाट्या-चेंडूंच्या खेळाला आणि हाताच्या कसबाला असा मान मिळवून दिला की, तेथील जादूगार आजही त्यांचे नाव गुरुस्थानी घेतात.

आपल्याकडे ही विद्या राहिली ती रस्त्यावरच्या गारुड्याजवळ, आणि तीही किती कठीण परिस्थितीत राहिली ते पाहण्यासारखे आहे. युरोपीय कलावंताला टेबल असते, प्रेक्षक समोर असतात, पाठीमागे भिंत किंवा पडदा असतो. गारुडी जमिनीवर उकिडवा बसतो, गर्दी चहूबाजूंनी असते, मुले त्याच्या खांद्यावरून डोकावत असतात. त्याच्या बुटक्या वाटीच्या माथ्यावर एक बोंडी असते. ती दोन बोटांच्या बेचक्यात धरून वाटी उचलली की त्याच हाताची उरलेली बोटे मोकळी राहतात, आणि वाटी पालथी ठेवण्याच्या एका सहज हालचालीत गोळी आत जाते. त्याची अखंड बडबड, जमुऱ्याला, म्हणजे मदतनीस पोराला, घातलेली हाक, डमरूचा ठेका, हे सारे पाश्चात्य शास्त्रकार ज्याला अवधानाचे नियमन म्हणतात तेच आहे, आणि ते त्याने कोणत्याही ग्रंथावाचून पिढ्यानपिढ्या साधले आहे. माझे स्पष्ट मत असे की, कोनांच्या दृष्टीने इतका निराधार आणि तरीही इतका निर्दोष असा हस्तलाघवाचा दुसरा प्रकार जगात विरळा.

आणि या माणसाला आपला कायदा भिकारी समजतो. मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध करण्याबाबतचा १९५९ चा अधिनियम भिकेच्या व्याख्येत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांच्या जोडीने सार्वजनिक जागी खेळ करून पैसे घेणे हेही समाविष्ट करतो. त्याखाली पोलिसांना वॉरंटावाचून अटक करता येते आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत डांबून ठेवण्याचा हुकूम होऊ शकतो. हाच कायदा दिल्लीला लागू केलेला होता. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील अनेक कलमे तेथपुरती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. त्याच्या आदल्याच वर्षी जादूगार आणि कळसूत्री बाहुलीवाले यांची दिल्लीतीलच शादीपूर येथील कठपुतळी कॉलनी जमीनदोस्त झाली होती. ज्या तत्कालीन मुंबई राज्याच्या विधिमंडळात या कायद्याचे मूळ आहे, त्यातूनच घडलेल्या महाराष्ट्रात ती व्याख्या कायम आहे.

विधिमंडळाने या अधिनियमातून खेळ करणाऱ्या कलावंताला वगळावे आणि नगरपालिकांनी त्याला चौकात, बागेत, जत्रेत बसण्याचा रीतसर परवाना द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या संस्थेने आज हयात असलेल्या गारुड्यांच्या हातांचे, त्यांच्या चेहऱ्यासह आणि सभोवतालच्या गर्दीसह, सविस्तर चित्रण करून ठेवावे. दहा-वीस वर्षांनी ते करू म्हटले तर चित्रण करायला हात उरणार नाहीत. आणि वाचकांपाशी मागणे एवढेच की, असा खेळ कोठे मांडलेला दिसला तर तो संपेपर्यंत उभे राहावे, आणि मैफलीचे तिकीट ज्या आदराने काढतो त्याच आदराने त्याच्या चादरीवर पैसे ठेवावेत.